जोड कोणाचा तुटला

नळी दिसली की उचलायची, एक डोळा मिटायचा, दुसरा तिला लावायचा आणि उजेडाकडे धरून दोनदा फिरवायची. आमच्या गल्लीतल्या मिस्तरींची ही सवय. नळी कशाचीही असो, मोरीत बसवायला आणलेला पाइप असो की गुंडाळलेलं कॅलेंडर. एका लग्नात दोन गाण्यांच्या मधे त्यांनी बँडवाल्याकडून क्लॅरिनेट मागून घेतलं, डोळ्याला लावलं आणि परत देत म्हणाले, "भाऊ, मझार भलती घान शे. साफ करत जाय."

बँडवाला पाहतच राहिला. वरात तेवढा वेळ रस्त्यात उभी.

मझार म्हणजे आत. मिस्तरींच्या तोंडी दिवसातून वीसदा तरी हा शब्द यायचा. "बाहेरनं कोनले बी चमकाडता येस. मझार देखा." दूधवाल्याच्या कॅनपासून उमेदवाराच्या भाषणापर्यंत सगळ्याला त्यांची ही एकच कसोटी होती.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी ते जपायला हवं होतं त्यांनी ते इंटरनेटवर एका भलत्या वाक्यात घालून ठेवलं आहे. तिथून ते निघेपर्यंत माझ्या हातून दुसरीकडे कुठे लिहिलं जाणार नाही.

मिस्तरी सायकलच्या फ्रेमा बनवत. टायटेनियमच्या. नंदुरबारात, जिनिंगच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ते सुरतेच्या पुढच्या एका कारखान्यात बावीस वर्षं वेल्डर होते. रसायनांच्या कंपन्यांना लागणारी टायटेनियमची भांडी आणि नळ्या तिथे जोडल्या जात. तिथल्या एका साहेबाची परदेशी सायकल तडकली, ती त्यांनी जोडून दिली आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात सायकल बसली. कारखान्याचा तो विभाग बंद झाल्यावर ते यंत्र घेऊन गावी आले. वर्षाला चार-पाच फ्रेमा करायचे, जास्त नाही.

टायटेनियम लोखंडाहून पुष्कळ हलकं असतं. त्याला गंज चढत नाही. पण ते मिस्तरींच्या भाषेत 'भलतं मानी' असतं. तापलेलं असताना त्याला हवा लागली की ते आतून ठिसूळ होतं आणि पुढे कधीतरी, चालत्या सायकलीखाली, काचेसारखं तडकतं. म्हणून जोड देताना बाहेरून आणि नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडत राहावं लागतं. काम कसं झालं ते रंग सांगतो. जोड चांदीसारखा चकचकीत दिसला तर उत्तम, निळा दिसला तर संशय घ्यायचा, आणि त्यावर खडूसारखी भुकटी आली तर तो कापून फेकायचा. बाहेरचा रंग घासून काढता येतो. आतला काढता येत नाही.

जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचे तंतू उडत. तेवढे महिने मिस्तरी शेडच्या दाराला ओलं गोणपाट लावून, फटी बुजवून काम करत. पंखा नाही, कारण वारा वायूला उडवतो. उन्हाळ्यात कपाळाला फडकं बांधायचे, घामाचा थेंब नळीवर पडू नये म्हणून. एकदा मी शेडमध्ये गेलो आणि सहज एका पुसून ठेवलेल्या नळीच्या टोकावर बोट टेकवलं. मिस्तरींनी करवत घेतली आणि ते टोक दोन बोटं कापून टाकलं.

"अहो, नुसतं बोट लागलं," मी म्हणालो.

"सर, तुम्ही जाशात घर. तुम्हनं बोट नळीमा ऱ्हाई जाई."

मी शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. माझ्या बोटाला इतकं महत्त्व कोणीही दिलं नव्हतं.

प्रत्येक फ्रेमबरोबर ते एक जादा जोड करत. त्याच नळीचा, त्याच बैठकीत. मग तो करवतीनं उभा चिरायचा, कडा घासून मऊ करायच्या आणि पांढऱ्या कापडात बांधून गिऱ्हाइकाला द्यायचा. सांगायचे, "फ्रेम चिरीसन देखाडता येत नही. म्हनीसन हाऊ देखा." गिऱ्हाइकांना याचं काय करायचं ते कळत नसे. एकानं त्यावर उदबत्ती लावायला सुरुवात केली होती. मिस्तरींना ते सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "मंग रोज नजर तं पडी त्यानी!"

गल्लीला त्यांचं काम कळत नव्हतं, पण कौतुक होतं. कोरीटहून त्यांचा साडू आला होता. त्यानं दोन बोटांनी फ्रेम उचलली आणि दचकून खाली ठेवली. "दाजी, हाई तं पोकळ शे!"

"पोकळच ऱ्हास. सायकलनी बी आन मानूसनी बी."

"मंग रंग कवय देशात?"

"रंग दिधा म्हंजे जोड झाकाई जास."

साडू जाताना हळूच मला म्हणाला, "सर, यासना धंदा चालस का खरंच?" मिस्तरी स्वतः मात्र काळ्या लोखंडी सायकलीवर फिरत. विचारलं तर म्हणत, "ती लोखंडनी शे. तिले कोन चोरी?"

त्यांच्या फ्रेमा पुण्यातलं एक महागड्या सायकलींचं दुकान घेत असे. दुकान फ्रेमवर आपलं नाव चिकटवायचं, ते इंग्रजीत आणि परदेशी वाटेल असं. मला राग यायचा. मिस्तरींना येत नसे. "चिकटाडू द्या. नाव बाहेर शे. मझार आपला जोड शे."

आता पुढचं सांगताना मला थांबत थांबत लिहावं लागतं.

नाशिकच्या एक प्राध्यापक बाई त्या दुकानातून मिस्तरींची फ्रेम असलेली सायकल घेऊन गेल्या होत्या. घाट उतरताना सायकल मागून तुटली. त्या पडल्या, जबडा आणि खांद्याचं हाड मोडलं. दुकानाच्या मालकाचा मिस्तरींना फोन आला. मी तेव्हा शेडमध्येच होतो. फोन स्पीकरवर असायचा, कारण एका कानानं त्यांना कमी ऐकू येई.

"तुमचा जोड गेला," मालक म्हणाला.

"कोनता जोड?"

"आता कोणता म्हणजे? मागचा. बाईंचा जबडा मोडलाय, काका."

मिस्तरी खाली बसले. त्यांनी पहिला प्रश्न त्या बाईंविषयी विचारला, जिवाला धोका नाही ना असा. दुसरा प्रश्न, तुटलेल्या जागेचा फोटो पाठवता का? फोटो आला तो आडव्या पडलेल्या अख्ख्या सायकलीचा. त्यात काहीच दिसत नव्हतं. तुकडा पाठवा, म्हणाले. तुकडा आला नाही. आठ दिवसांनी दुकानाच्या वेबसाइटवर एक निवेदन आलं. नंदुरबारच्या एका खेडवळ कारागिराच्या सदोष कामामुळे अपघात झाला, त्याच्याशी आम्ही संबंध तोडले आहेत, असं त्यात म्हटलं होतं आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव. आणि वाचकहो, त्याच पानावर थोडं खाली त्याच कारागिराच्या हातच्या दोन फ्रेमा विकायला ठेवल्या होत्या. सवलतीत. मी दोनदा डोळे पुसून पाहिलं. माणूस सदोष आणि माल निर्दोष, हे गणित कोणत्या बुद्धीनं मांडलं असेल?

मिस्तरींनी ते निवेदन वाचून दाखवा असा आग्रह धरला नाही. फोन आला त्याच दिवशी त्यांनी आर्गॉनच्या टाकीची चावी बंद केली होती, वेल्डिंगची टोपी खिळ्याला अडकवली होती आणि दाराला कुलूप लावलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"कारखानामा नियम शे. जोड गया का साहेब वेल्डरनं कार्ड टेबलमा ठेई लेस. तपास व्हस. तवलोंग हात बांधेल."

कार्ड म्हणजे वेल्डरचा जोड द्यायचा परवाना. कारखान्यात त्यांच्यावर एकदा ही वेळ आली होती म्हणे. सात दिवस ते नुसते बाकावर बसून राहिले. आठव्या दिवशी तपासात दोष नळीचाच निघाला आणि साहेबानं सगळ्यांसमोर कार्ड हातात दिलं. त्याचं त्यांना फार अप्रूप होतं. तपासाआधी बंदूक हातात घेणारा वेल्डर त्यांच्या लेखी वेल्डरच नव्हता. बंदूक म्हणजे त्यांची जोडायची.

"पण मिस्तरी, इथे कुठला साहेब? मालक तुम्ही, वेल्डर तुम्ही, साहेबही तुम्हीच."

"म्हनीसन तं जास्ती सांभाळनं पडस, सर."

हे हसून सोडून द्यायची गोष्ट नव्हती. तळोद्याचे एक शिक्षक त्यांच्याकडे फ्रेम सांगून गेले होते. त्यांची शाळा डोंगरात, वाटेत दोन नाले, सायकल खांद्यावर घेऊन उतरावं लागे. त्यांची फ्रेम अर्धी झाली होती. ते दोनदा आले, दोनदा ओट्यावर बसून चहा पिऊन परत गेले. "मी काही म्हणत नाही, मिस्तरी, माझा विश्वास आहे तुमच्यावर." मिस्तरी म्हणाले, "मना बी शे. पन कार्ड नही ना."

मग पत्र लिहायचं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं. मिस्तरी भिंतीला टेकून सांगत होते, "लिखा. तुटेल जागा कापा. मझारला फोटू धाडा. चूक मन्ही व्हई तं मी नाशिक जासू, त्या ताईना पाय धरसू. मन्ही नही व्हई तं तिले तसं सांगा. बस."

मी लिहून घेतलं आणि घरी येऊन त्याचं चांगलं मराठी केलं. चांगलं मराठी करणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. 'सविनय' घातलं. 'कृपया' घातलं. पाय धरायचं वाक्य मला फार उघडं वाटलं, ते काढलं आणि त्या जागी लिहिलं, 'आमच्याकडून काही उणीव राहिली असल्यास आम्ही मनापासून दिलगीर आहोत.' असं लिहायची आपली रीत आहे. मी शेकडो मुलांना ती शिकवली.

दुकानाचं उत्तर चार ओळींचं होतं. आपण उणीव मान्य करून दिलगिरी व्यक्त केलीत याबद्दल आभार. आमच्या बाजूनं हा विषय संपला आहे.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. मिस्तरी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"सर, हाई मी सांगं व्हतं?"

"नाही."

"मंग?"

मी पत्राची घडी घालू लागलो. त्यांनीच मला सोडवलं. "ऱ्हाऊ द्या. तुम्हनं मराठी भलतं गोड शे."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात ते एकटे पुण्याला गेले. पिशवीत धुतलेला सदरा, डबा आणि लोखंड कापायची करवत. फ्रेम समोर आणा, मीच कापतो, असं त्यांचं सरळ म्हणणं. मालकानं त्यांना एका उंच स्टुलावर बसवलं, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि फ्रेम प्रयोगशाळेत पाठवली आहे असं सांगितलं. कोणत्या, ते सांगितलं नाही. बाईंचा पत्ता मागितला तर गिऱ्हाइकाची माहिती देता येत नाही म्हणाला. गिऱ्हाइकाची माहिती जपायची आणि कारागिराचं नाव गावभर करायचं. काय पण जपणूक!

ते बाहेर पडल्यावर दुकानातला मेकॅनिक मागच्या दारानं त्यांच्यामागे आला. म्हणाला, "काका, तुमचा जोड नाही गेला. बाईंना मागे सामान लावायला कॅरिअर पाहिजे होतं. मालकानं इथल्याच एकाकडून मागच्या नळीवर दोन पट्ट्या जोडून घेतल्या. आतून वायू बियू काही नाही. तिथेच तुटलंय. आत नुसती पांढरी भुकटी आहे. माझं नाव घेऊ नका."

हे मला कळलं तेव्हा मी उठून उभाच राहिलो. "मिस्तरी, मग झालं तर! उघडा शेड!"

ते हलले नाहीत. "ऐकेल गोष्टवर कार्ड भेटत नही."

"अहो, त्या मुलानं डोळ्यांनी पाहिलंय."

"त्यानी देखं. त्या ताईले कोनी सांगं का? ती आज बी म्हनत व्हई, नंदुरबारना मानूसनी मले पाडं. तिले सांगा, मंग मी टोपी घालसू."

हट्टी म्हणा हवं तर. गल्लीत सगळे म्हणत. त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, त्याही म्हणत, "सर, यासले समजाडा." मी समजावत असे. पण रोज संध्याकाळी घरी परतताना माझ्या मनात येई, की या सगळ्या प्रकरणात नियम पाळणारा हा एकच माणूस आहे आणि शिक्षाही त्यालाच चालली आहे. ज्यांनी तपास करायचा त्यांनी तपास सुरूच केला नव्हता. जो तपास सुरूच झाला नाही तो संपणार कसा?

सात दिवसांचे चौदा महिने झाले. मिस्तरी सकाळी उठून शेड झाडत, यंत्र पुसत, अर्ध्या फ्रेमच्या नळ्यांच्या तोंडातले कापडी बोळे बदलत आणि दार ओढून ओट्यावर बसत. नळी दिसली तरी उचलत नसत. मला ते फार उशिरा लक्षात आलं. नगरपालिकेनं गल्लीत पाण्याचे नवे पाइप आणून टाकले, पोरं त्यांतून एकमेकांना हाका मारत होती, आणि मिस्तरी शेजारी बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते.

थंडीत एका सकाळी ते शेड झाडताना बसले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी डॉक्टरांशी वाद घातला नाही.

तेराव्यानंतर मी नाशिकला गेलो. बाई प्राध्यापक आहेत एवढं माहीत होतं. ओळखीच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कॉलेज शोधून दिलं. हे मी ते असतानाच करायला हवं होतं. बाईंनी घरी बोलावलं. घर पुस्तकांनी भरलेलं, माझ्या घरासारखंच. बोलणं मृदू. जबड्याच्या एका बाजूला बारीक व्रण. मी फोनमधलं निवेदन पुढे केलं, शक्य तेवढ्या थोडक्यात सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तुटला तो जोड त्यांचा नव्हता. एवढंच तुम्हाला कळावं म्हणून आलो."

"हो, ते माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तो मेकॅनिक दवाखान्यात मला भेटायला आला होता ना. दुसऱ्याच दिवशी. फोटो दाखवला त्यानं. कॅरिअरच्या पट्टीपाशी तुटलं होतं."

"मग तुम्ही...?"

"दुकानानं दवाखान्याचं सगळं बघितलं. नवी सायकल दिली, बाहेरच्या देशातली. एका कागदावर सही घेतली, याबद्दल कुठे बोलायचं नाही अशी." त्या थोड्या अवघडल्या. "आणि खरं सांगू का, मला वाटलं त्या कारागिराला काय फरक पडणार आहे? तो त्याचं काम करतच असेल."

"नव्हते करत," मी म्हणालो. "चौदा महिने नव्हते करत. तुम्हाला कोणीतरी सांगावं म्हणून थांबले होते. ते गेले."

बाईंनी हात तोंडावर नेला. "अरेरे. फार वाईट वाटलं." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. आणि त्यांना वाटलेलं ते वाईट बघूनच माझा राग डोक्यात गेला. मी त्यांना म्हटलं, एका ओळीत लिहून द्या. त्या म्हणाल्या, "ते नाही हो जमणार. सही केलीय ना मी." आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाच्या घरातून 'येतो' न म्हणता बाहेर पडलो.

परतीच्या बसमध्ये मी हिशेब लावत होतो. मालकाला माहीत होतं. मेकॅनिकला माहीत होतं, पण बाईंना सांगून झालंय हे तो मिस्तरींना बोलला नव्हता. बाईंना दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. सगळी शिकलेली माणसं, सगळी नीट बोलणारी, आणि त्यांच्या रांगेत माझं ते दिलगिरीचं वाक्यही उभं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एका माणसाला अधिकृतपणे सांगायला कोणाला दोन मिनिटं मिळाली नाहीत. हे विसरा असं मला काही जण म्हणतात. मी विसरणार नाही, आणि हे वाचून तुम्हीही विसरू नये असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो. त्या आता पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात त्या मैदानावर, देठ खुडायला जातात. त्या दिवशी घरीच काम आणलं होतं. ओट्यावर लाल मिरच्यांचा ढीग होता आणि त्या देठ खुडत बसल्या होत्या. मी समोर बसलो. कसं सांगावं ते ठरत नव्हतं, म्हणून या वेळी काहीच सुधारून न घेता सांगितलं.

"वहिनी, त्या बाईंना माहीत होतं."

त्यांचा हात चालूच होता. "काय माहीत व्हतं?"

"जोड मिस्तरींचा नव्हता, ते."

"कवयपासून?"

"पडल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेडच्या दाराकडे, मग परत माझ्याकडे.

"तिले माहीत व्हतं ना? मंग सर, आमना घरना मानूस इतला दिन हात बांधी बठना, तो कोनासाठे?"

मी मान खाली घातली. थोड्या वेळानं वर पाहिलं तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि तिथून मिरच्यांवर पडत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. दोन्ही तळवे लाल झाले होते. ते डोळ्यांपासून लांब, हवेत तसेच धरून त्या बसून राहिल्या.